गल्लीतून गेलेली रेषा

आमच्या अक्कलकोटच्या गल्लीत दोन घरं समोरासमोर आहेत. एक माझ्या भाईचं, दुसरं अक्कांचं. अक्का म्हणजे कन्नड बोलणारं लिंगायत कुटुंब. त्यांचा नवरा वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर फुलं आणि हार विकतो. भाई एसटी स्टँडजवळ फळांचा गाडा लावतो. दोघांचा धंदा गुरुवारचा. स्वामी समर्थांच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी आली तर दोन्ही घरांत रात्री बरं जेवण होतं, नाही आली तर दोन्हीकडे पिठलं.

दोन्ही घरांत एकेक मुलगा, दोघंही एकाच वर्षी जन्मलेले. माझा भाचा अक्कांकडे डोसा खाऊन वाढला आणि त्यांचा लेक आमच्याकडे शीरखुर्म्याच्या वाटीसाठी ईदच्या आधीपासून चकरा मारतो. दोघं आपसात जे बोलतात त्याला कोणती भाषा म्हणायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं, मधे दखनीत वळतं आणि मराठी शिवीवर संपतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये दोघांना पहिलीत घालायचं होतं. मी सोलापूरला नोकरी करते. शनिवारी घरी आले तेव्हा भाभी आणि अक्का दोघी कागदांच्या पिशव्या घेऊन माझी वाट बघत होत्या. आरटीईचा फॉर्म भरायचा होता. आमच्याकडे बागवान म्हणून ओबीसीचा दाखला, अक्कांकडे तहसीलचा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला. दोघींना हवी होती ती एकच शाळा. तिचं नाव इथे घेत नाही. खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. फी भाईच्या ऐपतीबाहेर. शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांमधल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखलेल्या आहेत, त्यातली एक मिळावी एवढीच अपेक्षा.

नेट कॅफेतल्या पोराने भाभीचा फॉर्म उघडला, नकाशावर घर दाखवलं आणि शाळांची यादी काढली. यादीत ती शाळा नव्हती. होत्या त्या नगरपालिकेच्या आणि अनुदानित. मराठी, कन्नड, उर्दू, हव्या तेवढ्या. पोरगा म्हणाला, "मॅडम, सकाळपासून सगळ्यांना हेच दिसतंय."

झालं असं होतं की ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला होता. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. आता आमच्यासारख्या गावात अशी कोणती खासगी शाळा असेल जिच्या किलोमीटरभरात एखादी पालिकेची शाळा नाही? चाळीसएक हजार लोकवस्तीचं गाव. नियम वाचायला छोटा होता, पण त्याने यादीतली सगळी इंग्रजी नावं पुसली. राज्यभरात पोर्टलवर आठ लाखांहून जास्त जागा दाखवल्या गेल्या आणि अर्ज लाखभरसुद्धा आले नाहीत. ज्या शाळेत कधीही, कोणताही फॉर्म न भरता जाता येतं, तिच्यासाठी लॉटरीचा फॉर्म कोण भरणार?

मला हे वाचून अफजलपूरची खाला आठवली. सीमेपलीकडे, कर्नाटकात, हे आधीच होऊन गेलं होतं. तिथल्या सरकारने २०१८ च्या डिसेंबरात साधारण असाच नियम केला आणि २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो मान्यही केला. खालाच्या धाकट्या नातीचा नंबर त्यात हुकला. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, बरं झालं आपण महाराष्ट्रात आहोत.

नेट कॅफेच्या बाहेर कट्टा आहे. त्या संध्याकाळी तिथे जी चर्चा झाली ती मी विसरू शकत नाही, कारण त्यात बोलणारा प्रत्येक जण थोडा थोडा बरोबर होता.

भाईचा एक मित्र, मोबाइलचं दुकान चालवतो, त्याच शाळेत फी भरून त्याची मुलगी शिकते. तो म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐका. सरकार शाळेला एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देणार असं म्हणतं, आणि ते वर्षानुवर्षं थकवतं. मग शाळा काय करते? आमची फी वाढवते. तुमच्या मुलाची फी सरकार नाही, मी भरतोय."

बौद्ध वाड्यातले एक गृहस्थ, गवंडीकाम करतात, त्यांनी ती शाळा बांधताना तिथे काम केलेलं. ते म्हणाले, "भिंत आम्ही उचलली. आता माझ्या पोरीनं त्या भिंतीला हात लावायचा तर एक किलोमीटर मोजायचा?"

एक पालिकेच्या शाळेतल्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांचं बोलणं ऐकून सगळे गप्प झाले. "यादीत आमची शाळा दिसली म्हणून तुम्ही सगळे इथे रडताय. मी एकवीस वर्षं शिकवते. तुमच्यातल्या तिघांना मीच शिकवलंय. पट कमी झाला की आमचा एक शिक्षक जातो. शिक्षक गेला की तुम्ही म्हणता, शिक्षक नाहीत, आम्ही मूल कसं घालू?"

आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, ज्यांच्यासमोर भाई अजून सिगारेट लपवतो, म्हणाले, "इतनी मगजमारी क्या कू? उर्दू स्कूल सामने है. उर्दू गई तो क्या रहेगा अपने पास?"

आणि मग अक्का बोलल्या. त्या सहसा पुरुषांत बोलत नाहीत. तोडक्या मराठीत म्हणाल्या, "कन्नड शाळेत घातलं तर माझा आणि हिचा वेगळे होणार. मराठीत घातलं तर माझ्या पोराला कळणार नाही. उर्दूत तर तो जाणारच नाही. इंग्रजी आम्हा सगळ्यांना सारखंच येत नाही. म्हणून तिथे बरोबर होतं."

मी शिक्षणावरचे बरेच लेख वाचलेत, पण अक्कलकोटच्या शाळांबद्दल याहून नेमकं काही वाचलेलं नाही. आमच्या गावात फुकट शिक्षण तीन भाषांत मिळतं आणि ते मुलांना तीन रांगांत उभं करतं. कन्नड शाळेत बहुतेक लिंगायत, उर्दू शाळेत फक्त मुसलमान, मराठीत बाकीचे. कुणी दुष्टपणाने केलेलं नाही हे. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मोठा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याचा हाही एक परिणाम आहे की आमच्या गल्लीतली मुलं सकाळी साडेदहाला तीन दिशांना पांगतात. ज्या एका ठिकाणी ही तिन्ही मुलं एका बाकावर बसू शकली असती, तिथे प्रवेशाची किंमत आहे. पंचवीस टक्के ही त्या भिंतीतली एकच खिडकी होती. एक किलोमीटरचा नियम त्या खिडकीला विटा लावत होता.

सीमा हा शब्द अक्कलकोटला नवा नाही. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने हा तालुका कर्नाटकाला द्यावा असं सुचवलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथले मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी पुन्हा अक्कलकोट-सोलापूरवर हक्क सांगितला आणि पाठोपाठ तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींनी आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या असे ठराव केले. रस्ता नाही, पाणी नाही ही त्यांची खरी तक्रार होती. तेव्हा टीव्हीवाल्या गाड्या गावात आल्या. मराठी की कन्नड यावर आठवडाभर गदारोळ झाला. गाव कोणत्या राज्यात असावं यावर सगळे बोलले. गावातली मुलं एकमेकांशेजारी का बसत नाहीत, हे विचारायला एकही गाडी आली नाही.

नियमावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या. ६ मे २०२४ ला स्थगिती आली. १७ मेपासून पोर्टल पुन्हा सुरू झालं, या वेळी खासगी शाळांसकट. १९ जुलैला न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. सुमारे १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४० हजारांवर अर्ज आले. नको असलेल्या आठ लाख जागा आणि हव्या असलेल्या एक लाख जागा यांतला फरक पालकांनी न बोलता सांगितला होता.

आता माझी गोष्ट सांगते, जी सांगायला मला दीड वर्ष लागलं.

दुसऱ्यांदा फॉर्म भरताना मी स्वतः माउस हातात घेतला होता. पोर्टलवर नकाशात आपल्या घरावर फुगा ठेवायचा असतो. तिथून शाळेपर्यंतचं अंतर ते सरळ रेषेत मोजतं, रस्त्याने नाही. एक किलोमीटरच्या आतल्यांना लॉटरीत आधी संधी, मग एक ते तीनवाल्यांना. अक्कांच्या घरावर फुगा ठेवला, अंतर एक किलोमीटरच्या जरा आत आलं. आमच्या घरावर ठेवला, जरा बाहेर. ते वर्तुळ आमच्या गल्लीच्या मधून गेलं होतं. भाई म्हणाला, "चाळीस पावलंसुद्धा नाहीत." पोरगा म्हणाला, "थोडा सरकवा ना मॅडम, सगळे सरकवतात." मी सरकवला. गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी, अक्कांच्या पायरीच्या जरा पुढे. फॉर्म सेव्ह केला.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. नकाशा कुठे इतका अचूक असतो? ज्यांनी आमची नावं पुसली त्यांच्यापुढे चाळीस पावलांचं काय? नागपुरात खोटी कागदपत्रं दिली म्हणून पालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या, पण आमची कागदपत्रं तर खरी होती. फक्त फुगा सरकला होता.

भाभी सातवीपर्यंत शिकलेली आहे. रात्री तिने फॉर्मची प्रिंट काढून आणायला लावली होती, ती उलगडून बघत बसली. तिला नकाशा वाचता येतो हे मला माहीत नव्हतं. सकाळी चहा देताना तिने विचारलं, "रातकू अपना घर सरक्या क्या?"

मी काहीतरी बोलले. ती म्हणाली, "आपण अक्काच्या दारात जाऊन बसलोय. तिचा नंबर मागे गेला तर मी तिला डोळे कसे दाखवू?"

भाभीने कायद्याचं नाव काढलं नाही, गुन्ह्याचं नाही, गुनाहचंही नाही. तिला एवढंच दिसलं की लॉटरीत जागा मोजक्या आहेत आणि मी जिला ढकललं ती समोरची बाई आहे. मला मात्र नकाशावर फक्त शाळा आणि घर दिसत होतं, मधे कोणी दिसत नव्हतं. त्या दिवशी आम्ही कॅफेत जाऊन फुगा परत आमच्या छपरावर आणला. पोराने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई शिकलेली आहे ना?

२० जुलैला निकाल लागला. अक्कांच्या लेकाचं नाव निवड यादीत होतं. माझा भाचा प्रतीक्षा यादीत, आणि ती यादी त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. अक्का पेढे घेऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या. भाभीने त्यांना आत घेतलं, पेढा खाल्ला, आणि त्या गेल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासली. खरकटी तेव्हा चारच होती.

मग घरात दुसरा वाद. बुजुर्ग उर्दू शाळेसाठी आग्रही, भाईही तिकडे झुकलेला, कारण तो तिथेच चौथीपर्यंत शिकलाय. भाभीने कट्ट्यावर बोललेल्या त्या बाईंची पालिकेची मराठी शाळा निवडली. "वो बाई सच बोली," एवढंच तिचं कारण. बुजुर्ग महिनाभर भाईच्या गाड्यावर केळी घ्यायला आले नाहीत. आता येतात.

भाचा आता दुसरीत आहे. बाई उत्तम शिकवतात. हे मी समाधान म्हणून लिहीत नाही, तो वाचतो ते मी ऐकते. त्याच्या वर्गात आमची मुलं आहेत, बौद्ध वाड्यातली आहेत, एक-दोन कन्नड घरांतलीही आहेत. फी भरू शकेल असं एकही नाही. म्हणजे तीन रांगा मोडल्या तरी चौथी उरलीच. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या शाळांवरून १९७४ साली मोठा खटला झाला होता. शहरातल्या शाळांत काळी मुलं, आणि गोरी कुटुंबं उपनगरात गेलेली. उपनगरांना या एकत्रीकरणात ओढता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. हद्दीच्या पलीकडे राहायला जाण्याइतके पैसे ज्यांच्याकडे होते, ते सुटले. आमच्याकडे उपनगरात जावं लागत नाही. गल्लीत राहूनही पिवळ्या गाडीत बसलं की हद्द ओलांडता येते.

आपल्याकडे १९६६ मध्ये कोठारी आयोगाने सांगून ठेवलं होतं की परिसरातली सगळी मुलं परिसरातल्या एकाच शाळेत जावीत, श्रीमंताचंही आणि गरिबाचंही. ते झालं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला तेव्हा त्यातले पंचवीस टक्के शिल्लक राहिले. त्यावरही आपण एवढे भांडतो.

पण इथे मला माझ्या वाचकांशी, विशेषतः आपल्या लोकांशी, थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

६ मे २०२४ ला स्थगिती आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात लोकांनी आनंदाने एकमेकांना मेसेज पाठवले. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, ६ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रमती खटल्यात निकाल दिला होता की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होणार नाही, अनुदानित असोत की विनाअनुदानित. तेव्हाही आपल्याकडे आनंदच झाला होता. मी त्यातली एक होते. राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेला हक्क टिकला पाहिजे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. त्या कलमामुळे गरीब वस्त्यांत उर्दू शाळा उभ्या राहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरीही दोन ६ मे शेजारी ठेवून बघा. एका निकालाने दुसऱ्यांच्या शाळेचं दार आपल्या मुलांसाठी उघडं राहिलं. दुसऱ्याने आपल्या शाळेचं दार उघडणं आपल्यावर बंधनकारक राहिलं नाही. आपल्या समाजाच्या संस्थांनी चालवलेल्या, भरपूर फी घेणाऱ्या इंग्रजी शाळाही आता जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. भाईसारख्या फळवाल्याचा मुलगा त्यांच्या दारातही फीपाशीच अडतो. आम्ही सरकारला विचारलं, एक किलोमीटरची सूट कशी काय देता? मग आपल्या सुटीबद्दल कोणी विचारायचं? १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितलं आहे. तो खटला महाराष्ट्रातलाच, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचा. निकाल काय लागेल तो लागेल. मला वाटतं, न्यायालयाने सांगायच्या आधी आपण स्वतःहून काही करावं.

मी गेल्या महिन्यात अशा एका संस्थेच्या विश्वस्तांना भेटले. सज्जन माणूस. म्हणाले, "कायद्याने आम्हाला बंधन नाही, बेटी." मी म्हटलं, "माहीत आहे. बंधन असतं तर मी विनंती करायला आले नसते." मग त्यांनी विचारलं, किती मुलं? मी म्हटलं, पहिलीच्या वर्गात पाच. मुसलमानच हवीत असं नाही, शाळेच्या आजूबाजूच्या वस्तीतली, गरीब. चिठ्ठ्या टाकून. ते हसले. "आणि फी भरणारे पालक काय म्हणतील?"

मला मोबाइलच्या दुकानवाल्याचं वाक्य आठवलं. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. माझ्याकडे एकच आहे, आणि तेही भाभीकडून उसनं घेतलेलं. पैसे कुठून येतील हा हिशेब आहे, तो बसून मांडता येईल. आधी हे बघावं लागेल की ज्याला आपण रांगेत मागे ढकलतोय तो कुठे राहतो.

ते म्हणाले, विचार करतो. पुढच्या महिन्यात त्यांची बैठक आहे, त्याआधी मी पुन्हा जाणार आहे. भाभी म्हणते, "मैं बी आती." आणि तिने अक्कांनाही विचारून ठेवलंय.